भावावरचा जुना गुन्हा रेकॉर्डवरून काढता येतो का? (सोलापूर)

विडीघरकुल_ताई · 12 नोव्हेंबर, रात्री 10:40

नमस्कार मंडळी. दोन वर्षं इथे नुसती वाचते आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

विषय माझ्या धाकट्या भावाचा. 2017 च्या विसर्जन मिरवणुकीत दोन मंडळांच्या पोरांची जुंपली. लेझीमचा ताफा कुणाचा पुढे, एवढ्यावरून. भाऊ तेव्हा 19 वर्षांचा. समोरच्या एका मुलाच्या डोक्याला काठी लागून चार टाके पडले. फिर्यादीत चौघांची नावं आली, त्यात ह्याचं. भारतीय दंड संहितेची कलमं 324 (धोकादायक हत्याराने दुखापत), 323 (साधी मारहाण), 504 (चिथावणीसाठी अपमान), 34 (सगळ्यांचा समान इरादा).

पाच वर्षं तारखा केल्या. आई विड्या वळते. तारखेच्या दिवशी तिचं हजाराचं माप कधी पुरं झालं नाही, कारण ती घरी बसायचीच नाही, कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसायची. 2022 मध्ये निकाल लागला, चौघेही निर्दोष. फिर्यादी आणि साक्षीदार फितूर झाले होते. तो मुलगा आता भावाचा चांगला मित्र आहे, हेही सांगते.

आम्हाला वाटलं, सुटलो. 2023 मध्ये पुण्यात एका गोदामात नोकरी लागत होती. कंपनीने चारित्र्य पडताळणी मागितली, तर अहवालात आलं: गुन्हा दाखल, प्रकरण न्यायप्रविष्ट. निकाल लागून वर्ष झालं होतं! कंपनीने दुसऱ्या दिवशी फोन उचलणं बंद केलं.

आता सरकारी लिपिकाच्या जागेवर निवड झाली आहे. साक्षांकन नमुना आलाय. त्यात प्रश्न आहे की आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय, होय किंवा नाही. त्याने पेन्सिलने 'नाही'वर खूण केली, खोडली. मग 'होय'वर केली, तीही खोडली. कागद तिथे पातळ झालाय. कोर्टाबाहेर एक जण भेटला, म्हणाला 40,000 द्या, कॉम्प्युटरमधून नावच काढून देतो. भाऊ रात्र-रात्र मोबाइलवर 'एक्सपंजमेंट' शोधत बसतो. आपल्याकडे असं काही आहे का? फॉर्म द्यायला 15 दिवस आहेत. कृपा करून माहीतगारांनीच सांगा.

कन्नाचौक · 12 नोव्हेंबर, रात्री 11:05

ताई, आधी एकच. ते 40,000 देऊ नका. माझ्या मावसभावाने असेच 25,000 दिले होते. शिक्का मारलेला कागद आला, त्यावर जावक क्रमांकसुद्धा होता. पडताळणीत तो कागद खोटा निघाला आणि जुनी मारामारीची केस राहिली बाजूला, बनावट दस्तऐवजाचा नवा गुन्हा दाखल व्हायची वेळ आली. घरातलं सोनं मोडून वकील केला तेव्हा निभावलं.

यंत्रमाग_74 · 13 नोव्हेंबर, सकाळी 7:20

माझं वेगळं मत आहे. निर्दोष सुटलाय ना? मग गुन्हा झालाच नाही. सरळ 'नाही' लिहायचं. आमच्या ओळखीत तिघांनी तेच केलं, तिघेही आज कामावर आहेत. पोरगं आठ वर्षं झाली डोक्यावर ओझं घेऊन फिरूलालंय, किती दिवस फिरणार?

अ‍ॅड_होटगीरोड · 13 नोव्हेंबर, दुपारी 2:15

यंत्रमाग दादा, तुमची कळकळ समजते, पण ह्या सल्ल्याने त्या मुलाची नोकरी जाऊ शकते. मी सोलापुरात फौजदारी काम करते. जरा सविस्तर लिहिते, कारण हाच प्रश्न आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी टेबलासमोर बसून विचारतं.

'एक्सपंजमेंट' हा शब्द अमेरिकेतला. तिथे राज्याराज्यांचे कायदे आहेत, ठरावीक गुन्ह्यांत ठरावीक काळ गेल्यावर न्यायालयाकडे अर्ज करून रेकॉर्ड नष्ट किंवा सीलबंद करून घेता येतं. आपल्याकडे मोठ्या माणसांसाठी असा सरसकट कायदा नाही. म्हणून मोबाइलवर जे वाचताय त्यातलं बहुतेक आपल्याला लागू नाही.

आता 'रेकॉर्ड' म्हणजे नेमकं काय? लोक एकच वही डोळ्यांसमोर आणतात. प्रत्यक्षात ते चार ठिकाणी असतं. पोलीस ठाण्याचं गुन्हे रजिस्टर आणि त्याचीच सीसीटीएनएस, म्हणजे पोलिसांच्या देशभरच्या संगणक यंत्रणेतली नोंद. न्यायालयाचं दप्तर. अटक झाली असेल तर बोटांचे ठसे, फोटो. आणि इंटरनेटवर ई-कोर्टची माहिती, कुणी निकालपत्र टाकलं असेल तर ते. ह्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि एफआयआरची नोंद फाडून टाकण्याचा इलाज कुठेच नाही. निर्दोष सुटलं तरी 2017 मध्ये अमुक नंबरने गुन्हा नोंदला गेला ही घटना राहते. तिच्यापुढे निकाल काय, ते लिहिलं जायला हवं. ताईंच्या भावाचं घोडं तिथेच पेंड खातंय. निकाल लागला, पण तो रजिस्टरपर्यंत पोचलाच नाही.

गुन्हा दाखल झाल्यापासून कुठल्या टप्प्यावर काय करता येतं, तेही सांगते, कारण वाचणारे वेगवेगळ्या टप्प्यांवर असतील. तपास चालू असताना पोलिसांनाच वाटलं की दम नाही, तर ते कोर्टाला समरी, म्हणजे तपासाचा शेवटचा अहवाल पाठवतात. ए समरी म्हणजे गुन्हा खरा पण आरोपीचा पत्ता नाही, बी म्हणजे फिर्याद जाणूनबुजून खोटी, सी म्हणजे खरीही नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी भांडणातून आलेली. मॅजिस्ट्रेटने ती मंजूर केली की विषय तिथे थांबतो. दोषारोपपत्र आलं तर आरोप निश्चितीआधी डिस्चार्ज, म्हणजे खटला न चालवताच मुक्तता, मागता येतो. आणि एफआयआरच मुळात टिकण्यासारखी नसेल तर उच्च न्यायालयात ती रद्द करून घेता येते. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 482 होतं, 1 जुलै 2024 पासून नागरिक सुरक्षा संहितेचं 528. कोणत्या परिस्थितीत गुन्हा रद्द होऊ शकतो त्याचे सात प्रकार सर्वोच्च न्यायालयाने भजनलाल खटल्यात 1990 साली नमूद केले, आजही वाद त्यावरच चालतो.

मारामारीत एक खोच आहे. 323 आणि 504 खालच्या कोर्टात आपसात मिटवता येतात. 324 मात्र तडजोडपात्र राहिलेलं नाही. 'आमचं मिटलंय साहेब' म्हणून दोघे हात जोडून उभे राहिले तरी मॅजिस्ट्रेटला ते मिटवता येत नाही, उच्च न्यायालयात जावं लागतं. 2012 च्या ग्यान सिंग निकालानंतर अशी तडजोड मान्य करून गुन्हा रद्द होऊ शकतो, खून-बलात्कारासारखे गंभीर गुन्हे सोडून. ताई, तुमच्याकडे तेव्हा हे कुणी केलं नाही आणि साक्षीदार फितूर होऊन निकाल लागला. आता निकालच लागल्यावर रद्द करायला काही शिल्लक नाही. त्यात पैसे घालू नका.

ठशांबाबत 2022 चा ओळख कायदा, तो 4 ऑगस्ट 2022 पासून लागू आहे. मापं आणि ठसे 75 वर्षं ठेवता येतात. पण पूर्वी शिक्षा झालेली नसेल आणि माणूस खटल्याविना सुटला, डिस्चार्ज झाला किंवा निर्दोष ठरला, तर अपिलाचे मार्ग संपल्यावर ते नष्ट करायला हवेत, न्यायालयाने कारणं लिहून वेगळा आदेश दिला नसेल तर. पूर्ण पुसण्याच्या जवळ जाणारं आपल्या कायद्यात जे थोडं आहे, त्यातलं हे एक.

निवृत्त_पोलीस_काका · 13 नोव्हेंबर, रात्री 9:30

वकील मॅडमनी बरोबर सांगितलं. मी 31 वर्षं नोकरी केली, त्यातली सहा वर्षं कोर्ट पैरवीला, म्हणजे ठाण्याच्या खटल्यांचा कोर्टात पाठपुरावा करायला होतो. आतली गोष्ट सांगतो.

निकाल लागला की पैरवीवाल्याने तो ठाण्यात आणून द्यायचा आणि तिथल्या माणसाने रजिस्टरला चढवायचा, अशी पद्धत. शिक्षा लागली तर लगेच चढते, कारण वरिष्ठ विचारतात. निर्दोषचा निकाल मागे राहतो. कुणी मुद्दाम करत नाही, पण एका माणसाकडे दिवसाला वीस-पंचवीस प्रकरणं असली की जे कुणी विचारत नाही ते राहून जातं. मीसुद्धा ठेवलेत मागे. आज ही पोस्ट वाचून त्याचं वाईट वाटलं.

ताई, असं करा. कोर्टाच्या नक्कल विभागात अर्ज करून निकालपत्राची सही-शिक्क्याची नक्कल घ्या. दोन घ्या. साधी झेरॉक्स चालत नाही. अर्जात गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि वर्ष, कोर्टाचा खटला क्रमांक, निकालाची तारीख ठळक लिहा, नाहीतर शोधायला बसणारा माणूस 'उद्या या' म्हणणार. एक अर्ज ज्या ठाण्यात गुन्हा दाखल झाला तिथे, त्याचीच प्रत पडताळणीचं काम पाहणाऱ्या शाखेत. दोन्हीकडे पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख, सही. नुसतं 'ठेवा इथे' म्हटलं तर ठेवून येऊ नका.

विडीघरकुल_ताई · 13 नोव्हेंबर, रात्री 10:10

काका, मॅडम, तुमचे उपकार कसे फेडू. भावाला शेजारी बसवून मोठ्याने वाचून दाखवलं. त्याचा एकच प्रश्न आहे, तो जसाच्या तसा लिहिते: "खरं लिहिलं तर नोकरी मिळेल, हे कुणी छातीवर हात ठेवून सांगेल का?"

अ‍ॅड_होटगीरोड · 14 नोव्हेंबर, सकाळी 8:00

नाही सांगू शकत. त्याला खोटा धीर देणार नाही.

सर्वोच्च न्यायालयाने 21 जुलै 2016 रोजी अवतार सिंग खटल्यात तीन न्यायाधीशांच्या पीठाने ह्यावर सविस्तर नियम घालून दिले. माहिती खरी द्यायची, हा पहिला. खरी माहिती दिल्यावरही नेमणूक देणारा पूर्वेतिहास तपासू शकतो, 'सांगितलं म्हणून घ्याच' असं त्याला म्हणता येत नाही. लपवलं आणि पुढे कळलं तर निवड रद्द होऊ शकते, नोकरीत कायम झालेल्या माणसावरही चौकशी बसू शकते. गुन्हा किरकोळ असेल, कोवळ्या वयात हातून झालेला, तर लपवणूकसुद्धा माफ करण्याचा विचार करता येतो, असंही त्यात आहे. यंत्रमाग दादांच्या ओळखीतले तिघे कदाचित अशाच माफीवर किंवा न कळण्यावर टिकून असतील. 2011 च्या संदीप कुमार प्रकरणात दिल्ली पोलीस भरतीतल्या उमेदवाराने 325 ची (गंभीर दुखापतीची) केस लपवली होती आणि न्यायालयाने त्याच्या तरुण वयाकडे पाहून त्याच्या बाजूने निकाल दिला. पण ते घडायला तो माणूस सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढला. तुमच्या घरात त्यासाठी पैसा आणि वर्षं आहेत का, एवढंच विचारते.

आणखी एक कडू गोष्ट. 'साक्षीदार फितूर झाले म्हणून सुटला' आणि 'पुरावा तपासून निष्कलंक ठरला' ह्यांत सरकारी खाती फरक करतात. पोलीस भरतीत तर फारच. 2013 च्या मेहर सिंग निकालात असे सुटलेले उमेदवार नाकारण्याचा पोलिसांच्या छाननी समितीचा निर्णय न्यायालयाने योग्य ठरवला. तुमच्या भावाची जागा लिपिकाची आहे, घटनेला आठ वर्षं झालीत, वय 19 होतं, त्यानंतर एकही नोंद नाही. हे सगळं मुद्दाम सांगावं लागेल. फॉर्मसोबत एक पान जोडा. कधी काय घडलं, खटला क्रमांक, निकालाची तारीख, नंतर शिक्षण आणि काम काय केलं. गयावया नको, फिर्यादीवर राग नको. नक्कल जोडा.

मला विचाराल तर 'होय'.

यंत्रमाग_74 · 14 नोव्हेंबर, सकाळी 9:45

मॅडम, मला अवतार सिंग माहीत नव्हता. माझे शब्द मागे घेतो. ताई, तुमच्या भावाने माझ्यामुळे 'नाही' लिहिलं असतं तर मला माफी नव्हती.

रिक्षा_सिद्धेश्वर · 14 नोव्हेंबर, रात्री 11:50

मी सुटलेला नाही, मला दोषी ठरवलं होतं. म्हणून लिहावं की नको असं दोन दिवस चाललं होतं.

2011 ची गोष्ट, भावकीतली शेताच्या बांधावरची मारामारी. माझ्या हातून चुलतभावाचा हात मोडला. 325 लागलं. कोर्टाने दोषी ठरवलं, पण पहिलाच गुन्हा म्हणून तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडलं, दोन वर्षांसाठी. तेव्हा नीट कळलं नव्हतं. नंतर रिक्षाच्या बॅजसाठी गेलो तेव्हा पोलीस अहवालात ते आलं आणि मी टेबलापाशी घामाघूम झालो. वकिलांनी सांगितलं, तो 1958 चा परिवीक्षा कायदा, त्याच्या कलम 12 प्रमाणे कलम 3 किंवा 4 खाली सोडलेल्या माणसाला त्या शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागू होत नाही. निकालपत्रात 'कलम 4' असा उल्लेख आहे का ते बघायला लावलं. होता. त्यावर खूण करून नक्कल जोडली. बॅज मिळाला. तेव्हापासून रिक्षा चालवतोय, स्टँडवर सगळ्यांना माहीत आहे, मीच सांगितलंय.

त्या चुलतभावाचा हात थंडीत अजून दुखतो. ते कोणत्याच कागदावर नाही, पण मला ते रोज आठवतं.

अ‍ॅड_होटगीरोड · 15 नोव्हेंबर, सकाळी 7:30

रिक्षा दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत. वाचणाऱ्यांसाठी एक दुरुस्ती: कलम 12 अपात्रता काढतं, दोषसिद्धी काढत नाही. 'मला शिक्षाच झाली नव्हती' असं त्याच्या जोरावर कुठे लिहू नका. आणि सरकारी नोकरीत असलेल्या माणसावर त्याच वर्तनासाठी खातं कारवाई करू शकतं, असं न्यायालयांनी सांगितलं आहे.

एक_आई · 15 नोव्हेंबर, दुपारी 3:00

माझा मुलगा 16 वर्षांचा असताना मोटारसायकल चोरीत मित्रांबरोबर सापडला होता. बाल न्याय मंडळासमोर गेलो. समुपदेशन झालं, समाजसेवा करायला लावली, प्रकरण संपलं. आता तो 20 चा आहे, आयटीआय केलंय. त्यालाही हे आयुष्यभर लिहावं लागणार का? वडिलांना अजून माहीत नाही, ते बाहेरगावी असतात. रात्री झोप लागत नाही हो.

अ‍ॅड_होटगीरोड · 15 नोव्हेंबर, दुपारी 4:10

ताई, शांत व्हा. ह्या धाग्यावर खऱ्या अर्थाने 'पुसण्याचा' हक्क कुणाला असेल तर तुमच्या मुलाला.

बाल न्याय कायदा 2015, कलम 24. मुलाने केलेल्या कृत्याची कोणतीही अपात्रता त्याच्यामागे लागत नाही, आणि अपिलाची मुदत किंवा नियमांत दिलेला काळ संपला की संबंधित रेकॉर्ड नष्ट करण्याचा आदेश मंडळाने द्यायचा असतो. केंद्राच्या 2016 च्या आदर्श नियमांत सात वर्षांची कमाल मर्यादा आहे. अपवाद एकच, 16 ते 18 वयातल्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला आणि बाल न्यायालयाने त्याला प्रौढासारखं चालवून दोषी ठरवलं तर. तुमचं तसं नाही.

आणि कलम 74 ची दुसरी बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते. प्रकरण बंद झालं असेल तर पोलिसांनी चारित्र्य दाखल्यासाठी किंवा कशासाठीही त्या मुलाचं रेकॉर्ड उघड करायचं नाही. म्हणून पडताळणीत ते आलं तर चूक मुलाची नाही. मंडळाकडे अर्ज करा की कलम 24 प्रमाणे नष्ट करण्याचा आदेश झाला आहे का, नसेल तर व्हावा. मुलाला सोबत न्या, त्याला हे मंडळाच्या तोंडून ऐकू द्या.

सेटलमेंट_नातू · 16 नोव्हेंबर, रात्री 10:20

इतके दिवस गप्प वाचत होतो. मी सोलापूरच्या सेटलमेंटमधला. बाहेरच्यांना हे एका वस्तीचं नाव वाटतं. आमच्या आजोबांसाठी ती तारेच्या कुंपणातली वसाहत होती.

1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमातीच गुन्हेगार ठरवल्या. माझ्या आजोबांवर एकही गुन्हा नव्हता. रेकॉर्ड मात्र जन्मापासून होतं. दिवसातून ठरलेल्या वेळी हजेरी, गावाबाहेर जायला पास. ते गिरणीत कामाला जायचे, सुटल्यावर परत तारेच्या आत. पाहुण्याच्या लग्नाला पासाची वेळ संपली म्हणून अक्षता पडायच्या आधी निघून आले होते, हे आजी अगदी म्हातारपणापर्यंत सांगायची. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा रद्द झाला, आम्ही तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतो. पण पाठोपाठ मुंबई राज्यात 1959 मध्ये सराईत गुन्हेगार कायदा आलाच. चोरी कुठेही होवो, पहिली गाडी आमच्याकडे यायची. मी दहावीला असताना परीक्षेच्या आदल्या रात्री मला चौकशीला नेलं होतं. पहाटे सोडलं. एफआयआर नाही, काही नाही, म्हणून मॅडम सांगतात त्यातलं कोणतंच कलम मला उपयोगाचं नव्हतं. जे लिहिलेलंच नाही ते रद्द कसं करायचं?

3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता प्रकरणात तुरुंगाच्या नियमावलींतले जातीचे रकाने काढायला सांगितले, विमुक्त जमातीच्या माणसाला मनाला येईल तसं उचलायचं नाही असंही सांगितलं. त्या निकालाच्या पानांची प्रिंट मी घरी ठेवली आहे.

ताई, तुमच्या भावाला सांगा, 'होय' लिहिताना मान खाली घालायची नाही. त्याच्याजवळ निकालाचा कागद आहे. आमच्या आजोबांना तेवढाही मिळाला नाही.

कन्नाचौक · 16 नोव्हेंबर, रात्री 10:45

दादा, सोलापुरात जन्म गेला माझा. तिथून रोज जातो. हजेरीचं आज कळलं.

पंढरपूररोड · 17 नोव्हेंबर, दुपारी 1:00

उच्च न्यायालयाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आमच्या बहिणीच्या सासरचं 498अ (सासरच्या छळाचा गुन्हा) तडजोडीने रद्द करून घेतलं, तेव्हा मुंबईला जावं लागायचं. रात्री सिद्धेश्वर एक्सप्रेस, सकाळी सीएसएमटीला उतरून तिथेच तोंड धुवायचं, तारीख पडली की संध्याकाळी परत. अशा पाच फेऱ्या. दोन्हीकडची मंडळी एकाच डब्यात असायची, शेवटच्या फेरीला तर एकाच डब्यातली शेंगाचटणी-भाकरी खाल्ली. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यात सोलापूर जिल्हा आहे. आता सांगोला-मिरजमार्गे कोल्हापूर. ज्यांचं रद्द करण्याचं काम पडून आहे त्यांनी पुन्हा विचार करावा.

पार्कचौक_23 · 17 नोव्हेंबर, दुपारी 3:40

पासपोर्टला अडतं का हे? आणि गुगलवर नाव टाकलं की केस दिसते, त्याचं काय?

अ‍ॅड_होटगीरोड · 17 नोव्हेंबर, रात्री 9:00

पासपोर्ट: खटला चालू असेल तर पासपोर्ट कायद्याच्या कलम 6(2)(फ) प्रमाणे अडतो, पण न्यायालयाची परवानगी आणली तर 25 ऑगस्ट 1993 च्या अधिसूचनेनुसार ठरावीक मुदतीचा मिळतो. निर्दोष सुटल्यावर ती अडचण राहत नाही, नक्कल जवळ ठेवायची.

गुगल: विसरले जाण्याचा हक्क अजून पक्का झालेला नाही. 2021 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने निर्दोष सुटलेल्या एका माणसाला अंतरिम दिलासा देऊन निकालपत्र शोधात दिसू नये असं सांगितलं. मद्रास उच्च न्यायालयानेही 2024 मध्ये एकाच्या बाजूने निकाल दिला, त्याला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आहे. तूर्त त्यावर भिस्त ठेवू नका.

विडीघरकुल_ताई · 3 डिसेंबर, रात्री 9:15

उशीर झाला, माफ करा. सगळं सांगते.

नक्कल सहाव्या दिवशी हातात आली. मी आणि भाऊ ठाण्यात गेलो. काकांनी सांगितल्याप्रमाणे अर्जात सगळे नंबर ठळक लिहिले होते, त्यामुळे 'उद्या या' झालं नाही. हवालदारांनी 2017 चं जाड रजिस्टर काढलं, बोट फिरवत ओळीवर आले. आमच्या ओळीत फिर्यादीचं नाव, चौघांची नावं, कलमं, दोषारोपपत्राची तारीख सगळं होतं. शेवटचा निकालाचा रकाना कोरा. वरच्या आणि खालच्या ओळीत भरलेला, मधे आमचा कोरा. त्यांनी नक्कल दोनदा वाचली, साहेबांना दाखवून आले आणि निळ्या पेनाने खटला क्रमांक, तारीख आणि 'निर्दोष मुक्तता' लिहिलं. भाऊ त्या पेनाकडे बघत होता, मी भावाकडे. मग त्यांनी संगणकातही भरायला दिलं. दोन्हीकडची पोच माझ्या पर्समध्ये आहे.

घरी आल्यावर आईने तेलुगूत विचारलं, पुसलं का? म्हटलं, नाही गं, निकाल लिहिला. ती जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, मग झाडाखाली बसले त्याचं काहीतरी झालं.

फॉर्मवर भावाने पेनाने 'होय' लिहिलं. खोडून पातळ झालेल्या जागी शाई पसरली, म्हणून बाजूला पुन्हा स्वच्छ 'होय' लिहून सही केली. सोबत एक पान आणि नक्कल. मुदतीच्या दोन दिवस आधी दिला. निर्णय अजून आलेला नाही. तो मात्र आता रात्री झोपतो.

सेटलमेंटच्या दादा, तुमची पोस्ट भावाने लिहून घेतली आणि पाकिटात ठेवली आहे. न विचारता ठेवली, रागावू नका.

एक_आई ताई, तुम्ही मंडळात गेलात का?

एक_आई · 3 डिसेंबर, रात्री 11:30

अजून नाही. अर्ज लिहून तयार आहे. काल मुलाच्या वडिलांना फोनवर सगळं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, सोमवारी रजा टाकून येतो, तिघे मिळून जाऊ.